डब्यावरचा टक्का : मधमाशीच्या मेणापासून कार्नौबापर्यंत

#थ्रेड #इतिहास #मेण

१/
संगमनेरातून पुणे-नाशिक महामार्गाला लागताच गाड्यांच्या सजावटीची दुकाने सुरू होतात. सीट कव्हर, हॉर्न, परफ्यूम आणि वरच्या फळीवर मेणाचे डबे. मागच्या दिवाळीत अशाच एका दुकानात मी तीन डबे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकावर लिहिले होते, ‘१०० टक्के शुद्ध कार्नौबा’. दुसऱ्यावर ‘५० टक्के कार्नौबा’. तिसऱ्यावर ‘घनफळाने ३३ टक्के’. दुकानदाराने अर्थातच शंभरवाला पुढे केला. शंभर म्हणजे शंभर, त्यात विचारायचे काय, हा त्याचा चेहऱ्यावरचा भाव.

प्रश्न असा की, कोणत्या डब्यात कार्नौबा सर्वांत जास्त? त्या तीन आकड्यांवरून याचे उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, हे समजण्यासाठी आपल्याला सुमारे नऊशे वर्षे मागे जावे लागेल, मग ब्राझीलला आणि तिथून परत प्रवरेकाठच्या दूध डेअरीत यावे लागेल.

२/
आधी शब्द पाहू. आपला ‘मेण’ हा संस्कृत ‘मदन’ या शब्दापासून, प्राकृत ‘मयण’ या पायरीवरून मराठीत उतरला. कामदेवाच्या नावाचा हा दुसरा, साधा अर्थ : मधमाशीचे मेण. संस्कृतात मेणाला आणखी दोन नावे आहेत. ‘सिक्थ’ किंवा ‘सिक्थक’ हे एक आणि ‘मधूच्छिष्ट’ हे दुसरे. मध काढून घेतल्यावर जे उष्टे उरते ते मधूच्छिष्ट. हिंदीतला ‘मोम’ मात्र फारसीतून आलेला.

नावातच एक गोष्ट स्पष्ट आहे. आपल्याकडे शतकानुशतके मेण म्हणजे मधमाशीचे मेण. झाडापासूनही मेण मिळते, ही कल्पना आपल्या बाजारात फार उशिरा आली.

३/
मेणाच्या प्रमाणाचा लेखी हिशेब आपल्या मुलखात कुठे सापडतो? कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात. तिसरा सोमेश्वर या राजाने इ.स. ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, हत्ती, घोडे, स्वयंपाक, संगीत, खेळ, चित्रकला असे काहीही त्याने सोडलेले नाही. त्यात धातूची मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे.

या राजघराण्याचा संगमनेरशी संबंध दूरचा नाही. सेउण देशाचे यादव हे आधी याच चालुक्यांचे मांडलिक होते आणि त्यांच्यापैकी दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ चा, म्हणजे इ.स. १००० चा ताम्रपट ‘संगमनेरचा ताम्रपट’ म्हणूनच अभ्यासकांना ठाऊक आहे. आणखी एक योगायोग : बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘मानसोल्लास’ संपादित करणाऱ्या विद्वानांचे आडनाव श्रीगोंदेकर. श्रीगोंदे आपल्याच जिल्ह्यातले.

४/
रीत अशी. मूर्ती आधी मेणाची घडवायची. तिच्या पाठीशी, खांद्याशी मेणाच्याच नळ्या जोडायच्या. मग बारीक मातीत कोंड्याची राख, कापसाचे बारीक तंतू आणि थोडे मीठ घालून तिचा पातळ लेप द्यायचा. सावलीत वाळवायचा. दोन दिवसांनी दुसरा लेप, तो वाळल्यावर तिसरा, जाड. नंतर साचा तापवला की मेण नळ्यांतून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तीत वितळलेला धातू ओतायचा.

या साऱ्यात एक पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. लेप देण्यापूर्वी मेणाच्या मूर्तीचे वजन करून ठेवायचे. कारण धातू किती घ्यायचा हे त्यावरून ठरते. तांबे किंवा पितळ मेणाच्या ८ पट, चांदी १२ पट, सोने १६ पट.

५/
हे आकडे आजच्या मोजमापाशी ताडून पाहण्याजोगे आहेत. मधमाशीचे मेण पाण्याहून किंचित हलके. एक किलो मेणाची मूर्ती साधारण १.०४ लिटर जागा व्यापते. तेवढ्याच जागेत पितळ भरले तर ते ९ किलोच्या आसपास भरते, चांदी ११ किलो आणि शुद्ध सोने २० किलो.

म्हणजे ग्रंथातला पितळेचा आकडा थोडा कमी, चांदीचा थोडा जास्त आणि सोन्याचा बराच कमी आहे. सोन्याचे काय झाले असावे? माझा तर्क असा की मूर्तीचे सोने निर्भेळ नसेल. आज ज्याला आपण १८ कॅरेट म्हणतो त्या सोन्याची घनता १५.५ च्या आसपास असते आणि त्याचे गुणोत्तर बरोबर सोळाच्या जवळ येते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

पण मुद्दा वेगळा आहे. त्याच आकाराच्या, त्याच जागेच्या वस्तूचे वजन पदार्थ बदलला की बदलते, हे त्या ओतारीला पक्के ठाऊक होते. ‘किती’ या प्रश्नाला दोन उत्तरे असतात, एक वजनाचे आणि एक घनफळाचे, आणि कोणते उत्तर दिले जात आहे हे सांगितल्याशिवाय आकडा निरर्थक असतो. तिसऱ्या डब्यावरचे ‘घनफळाने’ हे शब्द इथे आठवा.

६/
जाता जाता दायमाबाद. संगमनेरवरून वाहणारी प्रवरा पुढे जिथे श्रीरामपूर तालुक्यात शिरते, तिथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत चार काशाच्या वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. त्या भरीव आहेत आणि मेणाच्या साच्याने ओतल्या असाव्यात असे मानले जाते. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. ते खरे धरले, तर आपल्या नदीकाठी मेणाचा इतिहास ‘मानसोल्लासा’हून कितीतरी जुना ठरतो.

७/
आता झाडाच्या मेणाकडे. ब्राझीलच्या ईशान्य भागात, सिआरा, पिआउई आणि रिओ ग्रांजी दो नोर्ती या राज्यांत, कार्नौबा नावाचे एक ताडवर्गीय झाड वाढते. पंख्यासारखी पाने, उंच सरळ खोड. नाव तिथल्या तुपी भाषेतले. शास्त्रीय नाव ‘कोपर्निशिया प्रुनिफेरा’. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस याने या वंशाला खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचे नाव दिले.

तो मुलूख अवर्षणाचा. पाऊस थोडे महिने, ऊन उरलेले वर्षभर. पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा पातळ थर धरते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. रब्बी ज्वारीच्या ताटावर, पानांच्या देठाशी जी पांढरी भुकटी हाताला लागते ती मेणाचीच. उसाच्या पेऱ्याशी असतो तो पांढरा पट्टाही मेणाचाच. कोरड्या हवेत पाणी राखण्याची ही झाडांची युक्ती आहे. कार्नौबाने ती फार ताणली, एवढेच.

८/
मेण काढण्याची पद्धत आजही बरीचशी जुनीच आहे. कोरड्या ऋतूत लांब बांबूला बांधलेल्या कोयत्याने पाने कापतात, उन्हात पसरून वाळवतात, मग झोडपतात. भुकटी गळून पडते. ती वितळवून, गाळून, गार करून तिचे दगडासारखे तुकडे करतात.

न उघडलेल्या कोवळ्या पानाची भुकटी सर्वांत उजळ, फिकट पिवळी. तिची पहिली प्रत. उघडलेल्या पानांची भुकटी गडद, तपकिरीकडे झुकणारी. ती तिसरी-चौथी प्रत. डब्यावर ‘पहिल्या प्रतीचे कार्नौबा’ असे लिहिलेले असते तेव्हा ते पानाच्या वयाबद्दल बोलत असते, डब्यातल्या प्रमाणाबद्दल नव्हे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ खरेदीदाराच्या डोक्यात आपोआप होते आणि ती होऊ देण्यात विकणाऱ्याचे नुकसान नसते.

या मेणाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पाने कापणारे मजूर गुलामगिरीसदृश स्थितीत राबत असल्याचे ब्राझीलच्या सरकारी श्रमनिरीक्षकांना गेल्या दशकात अनेकदा आढळले आणि त्यांनी मजुरांची सुटका केली. डब्यावर कितीही मोठा टक्का असो, त्यात याचा उल्लेख नसतो.

९/
युरोपला या मेणाची शास्त्रीय ओळख १८११ मध्ये झाली. विल्यम टॉमस ब्रँड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्राझीलहून आलेल्या वनस्पतिजन्य मेणाचे पृथक्करण करून लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. एवढ्या चढ्या अंशांना वितळणारे, कडक आणि घासल्यावर चकाकणारे नैसर्गिक मेण दुसरे फारसे नव्हते.

मग ते सगळीकडे शिरले. बुटांच्या पॉलिशमध्ये, कार्बन पेपरमध्ये, लाकडी जमिनींच्या मेणात, पुढे गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘९०३’ हा क्रमांक दिसला तर तो कार्नौबाचाच. आपल्या आजोबांच्या पिढीने गाडी पाहिली नसेल, पण शाळेच्या बुटांना पॉलिश मारताना कार्नौबा बहुधा हाताळले होते.

१०/
एक किस्सा सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रसीन या गावी सॅम्युएल जॉन्सन याने १८८६ मध्ये लाकडी जमिनींचा धंदा सुरू केला आणि त्या जमिनींना लावायचे मेण हाच पुढे मोठा व्यवसाय झाला. त्याचा नातू हर्बर्ट जॉन्सन १९३५ मध्ये पाण्यावर उतरणारे विमान घेऊन थेट ब्राझीलमधील फोर्तालेझाला गेला. हेतू एकच : कार्नौबाचा पुरवठा पुरेसा आहे की नाही हे स्वतः पाहणे. विमानाचे नावही ‘कार्नौबा’. १९९८ मध्ये त्याच्या मुलाने तसेच विमान पुन्हा बांधून तो प्रवास पुन्हा केला.

विस्कॉन्सिन हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला तिथे पुन्हा जायचे आहे.

११/
मोटारींचा प्रश्न जमिनींपेक्षा नाजूक होता. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखेच व्हार्निश लावत. ते वाळायला आठवडे लागत आणि उन्हापावसात ते लवकर फिके पडे. म्हणून मेण. १९२३-२४ पासून अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचा लवकर वाळणारा रंग आला. तोही उन्हात निस्तेज होई. म्हणून पुन्हा मेण. आपल्याकडे अँबॅसेडर आणि फियाट यांच्या काळात रविवारी सकाळी ओसरीसमोर गाडीला मेण घासणे हा घरातल्या वडील माणसाचा सोहळाच असे.

१९८० नंतर जगभर रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रुळली आणि मेणाची गरज खरे तर कमी झाली. गंमत अशी की, गरज कमी झाल्यावर जाहिरात वाढली. मेण आता रंग वाचवण्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी विकत घेतले जाऊ लागले. आणि हौसेच्या वस्तूत आकडा फार कामी येतो.

१२/
आता तो शंभराचा आकडा. निर्भेळ कार्नौबाचा तुकडा हातात घेऊन पाहा. तो दगडासारखा असतो, नख रुतत नाही, आपटला तर फुटतो. तो गाडीला फासता येणारच नाही. फासता यावा म्हणून त्याला द्रावकात विरघळवावे लागते, त्यात तेले, सिलिकोन, कधी मधमाशीचे किंवा खनिज मेण घालावे लागते. त्यामुळे डब्यातला मऊ लगदा शंभर टक्के कार्नौबा असणे अशक्य आहे. लगदा आहे, याचाच अर्थ तो शंभर टक्के नाही.

मग डब्यावरचे विधान खोटे आहे का? इथेच खरी मेख आहे. ते खरे असू शकते.

१३/
एक काल्पनिक डबा घेऊ. आत १०० ग्रॅम लगदा. त्यात २० ग्रॅम कार्नौबा, २० ग्रॅम तेले व सिलिकोन आणि ६० ग्रॅम उडून जाणारे द्रावक.

डब्यातल्या एकूण वजनात कार्नौबा २० टक्के.

गाडीला लावल्यावर द्रावक उडून गेले. उरले ४० ग्रॅम. त्यात कार्नौबा २० ग्रॅम. म्हणजे ५० टक्के.

डब्यात जे ‘मेण’ आहे ते केवळ कार्नौबा, दुसरे मेण नाही. म्हणजे मेणाच्या भागात कार्नौबा १०० टक्के.

आणि घनफळाने मोजले तर? द्रावक हलके असते, मिलिलिटरला सुमारे ०.७८ ग्रॅम. कार्नौबा मिलिलिटरला सुमारे १ ग्रॅम. हिशेब केला की कार्नौबा १७ टक्क्यांच्या आसपास येते.

तोच डबा. १७, २०, ५०, १००. चारही आकडे खरे. फरक फक्त कशाच्या तुलनेत मोजले याचा. दुकानातले ते तीन डबे कदाचित एकाच पिंपातून भरलेले असतील आणि कोणीही खोटे बोललेले नसेल. तोलून पाहिल्याशिवाय तिसरा डबा पहिल्यापेक्षा कमी म्हणता येत नाही. उलट ‘घनफळाने’ असे निदान स्पष्ट सांगणारा तोच एकटा होता.

१४/
आता डेअरीत जाऊ. संगमनेर, अकोले, राहाता या पट्ट्यात ज्याच्या दावणीला गाय आहे त्याला टक्का म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सकाळी दूध घातले की पावती मिळते : लिटर, फॅट, एसएनएफ, दर. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ यांवर ठरतो. फॅट एका दशांशाने घसरली तर घरात त्यावर चर्चा होते. लहानपणी आमच्याकडे आजी पावती चष्म्याजवळ नेऊन वाचायची आणि गाईला काल काय घातले याची चौकशी सुरू व्हायची. तो आकडा थेट पोटाशी निगडित होता.

१५/
पण हा टक्का नेहमी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोप-अमेरिकेतही लोणी-चीजच्या कारखान्यांत दूध वजनावर घेतले जाई. त्यामुळे साय काढून घेणारा किंवा पाणी घालणारा फायद्यात आणि प्रामाणिक माणूस तोट्यात. एका कॅनमधले दूध चांगले की वाईट, हे कोणी म्हणायचे?

१८९० मध्ये स्टीफन बॅबकॉक या कृषिरसायनशास्त्रज्ञाने एक सोपी चाचणी शोधली. दुधात गंधकाम्ल घालायचे, त्याने प्रथिने विरघळतात आणि स्निग्धांश मोकळा होतो. मग नळी गरगर फिरवायची, स्निग्धांश वर येतो आणि नळीच्या मानेवरच्या खुणांवर वाचता येतो. बॅबकॉक होता विस्कॉन्सिन विद्यापीठात. होय, तेच विस्कॉन्सिन. त्याने चाचणीचे पेटंट घेतले नाही. जवळपास त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर याने आपली चाचणी तयार केली. भारतात रुळली ती गर्बरची. १० मिलिलिटर आम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. आता बहुतेक ठिकाणी यंत्र काही सेकंदांत आकडा देते, पण वाद झाला की अजूनही गर्बरची नळी काढावी लागते.

१६/
दुधाच्या आणि मेणाच्या टक्क्यात फरक काय, हे आता दिसते. दुधाच्या टक्क्याला तीन आधार आहेत. कशाच्या तुलनेत मोजायचे ते ठरलेले आहे. मोजण्याची रीत ठरलेली आहे. आणि घेणारा व देणारा दोघेही तो पुन्हा मोजून पाहू शकतात. काट्यात गडबड असेल, यंत्र चुकीचे लावलेले असेल, तक्रारी असतातच. पण तक्रार करायला काहीतरी ठोस हातात असते. सोन्याच्या ‘९१६’ या खुणेचेही तसेच.

मेणाच्या डब्यावरच्या टक्क्याला यातला एकही आधार नाही. वेष्टित वस्तूंसाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सारे त्यानुसार छापावे लागते. गाडीच्या मेणात कोणता घटक किती, हे सांगण्याची सक्ती त्यात नाही. म्हणजे डब्यात किती ग्रॅम आहे हे कायदा पाहतो. त्या ग्रॅममध्ये काय आहे हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

१७/
तरीही खरेदीदार अगदीच हतबल नाही. काही गोष्टी करता येतात आणि त्या मी करून पाहिल्या आहेत.

पहिली : आकडा दिसला की त्याच्यापुढचे शब्द वाचा. ‘कार्नौबाचे प्रमाण’, ‘मेणातील प्रमाण’, ‘वाळल्यावर’, ‘घनफळाने’, ‘वजनाने’. एकही शब्द नसेल तर आकडा नाही असे समजून पुढे चला. ‘१०० टक्के शुद्ध’ हे बहुधा कार्नौबाचे विशेषण असते, डब्याचे नव्हे. जसे ‘शुद्ध तुपातली जिलेबी’ म्हणजे जिलेबी तुपाची नसते.

दुसरी, आणि सर्वांत उपयोगी : उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक शोधा. रासायनिक वस्तूंचे असे पत्रक अनेक कंपन्या प्रसिद्ध करतात. कार्नौबा घातक नाही, म्हणून त्याचा आकडा त्यात सहसा नसतो. पण द्रावक ज्वालाग्राही असते, त्याचा आकडा मात्र त्यात असतो, ‘५० ते ७० टक्के’ अशा पट्ट्यात. आता वजाबाकी करा. द्रावक किमान ५० टक्के असेल तर कार्नौबा, तेले, रंग, सुगंध हे सारे मिळून उरलेल्या ५० टक्क्यांतच बसले पाहिजे. कार्नौबा किती हे कळत नाही, पण किती असूच शकत नाही हे कळते.

१८/
तिसरी गोष्ट घरची. १० ग्रॅम लगदा स्टीलच्या ताटलीवर पातळ पसरून, विस्तवापासून दूर, हवेशीर सावलीत चार-पाच दिवस ठेवा. तापवू नका, द्रावक पेट घेते. वजन घटणे थांबले की पुन्हा तोला. उरलेले वजन म्हणजे कार्नौबाची कमाल मर्यादा, कारण त्यात तेलेही असतात. सोनाराचा काटा मिळाला तर उत्तम.

गाडीवर पाण्याचे थेंब गोल राहतात की नाही, ही चाचणी मात्र सोडून द्या. सिलिकोनही थेंब तितकेच गोल ठेवते. रंगावर जाऊ नका, पिवळा रंग घालता येतो. वासावर तर मुळीच नको. केळ्याचा आणि नारळाचा जो वास अशा डब्यांना येतो तो सुगंधी द्रव्याचा असतो.

आणि जास्त कार्नौबा म्हणजे जास्त चांगले, हेही तपासून घेण्यासारखे गृहीतक आहे. प्रमाण फार वाढवले की लगदा घट्ट होतो, पसरत नाही, पुसताना हात दुखतात. तेलांनी तो मऊ होतो, पण मग मिश्रण कार्नौबाच्या ८२ अंशांपेक्षा बरेच खाली मऊ पडते. वैशाखात संगमनेरच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवून पाहिला आहे का? कोणतेही मेण तिथे काही आठवड्यांहून अधिक टिकत नाही, मग टक्का कोणताही असो.

१९/
उसाचा उल्लेख मघाशी अर्धवट सोडला होता. उसाच्या सालीवरचे मेण लुइझियानातल्या ॲव्हेकिन या औषधविक्रेत्याने १८४० मध्येच वेगळे केले होते. कारखान्यात ऊस गाळला की हे मेण रसातून गाळाबरोबर प्रेसमडमध्ये जाते. वाळलेल्या प्रेसमडमध्ये ते शेकडा ५ ते १५ भाग असू शकते. ते कडक असते, कार्नौबाहून थोड्या खालच्या अंशाला वितळते आणि कार्नौबाला पर्याय म्हणून ते अनेकदा पुढे आणले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कार्नौबाची मागणी वाढली तेव्हा क्युबातील कारखान्यांनी ते काढले.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा पट्टा उसाचा केला. प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. संगमनेरचा कारखाना त्यानंतरचा. तेव्हापासून दर हंगामात या भागातून प्रेसमडच्या ट्रॉल्या शेतात जात आहेत, खत म्हणून. त्यात मेण आहे हे शेतकऱ्याला एका वेगळ्या मार्गाने ठाऊक आहे : ताजे प्रेसमड पाणी लवकर धरत नाही आणि कुजायलाही वेळ घेते. कोयत्याला चिकटणारी जी पांढरी भुकटी आपण पाण्याने धुऊन टाकतो, तिची मोठी बहीण ब्राझीलहून डब्यात बंद होऊन, टक्क्याची मोहोर लावून आपल्याकडे येते.

२०/
अनेकांनी आधीच विचारले आहे म्हणून सांगतो. शेवटी मी तिसरा डबा घेतला. घरी आल्यावर उत्पादकाला पत्र लिहिले : ‘३३ टक्के घनफळाने, म्हणजे द्रावकासह की द्रावक वगळून?’ दहा दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले की हे सूत्र गोपनीय आहे. पुन्हा लिहिले की सूत्र नको, फक्त भाजक सांगा. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लिहून ठेवला आहे.

दरम्यान ताटलीवरचा प्रयोग केला. ओळखीच्या सोनाराने पेढीवर काटा वापरू दिला, थोडा हसला. १० ग्रॅम ठेवले होते. सहाव्या दिवशी ३.६ ग्रॅम उरले, आणि पुढचे दोन दिवस त्यात फरक पडला नाही. तेवढ्यात कार्नौबा किती आणि तेल किती, हे त्याच्या काट्याला सांगता येत नव्हते. सोनाराने कसोटीचा काळा दगड पुढे सरकवून विचारले, ‘याच्यावर घासून बघायचं का?’